तीन अक्षरांचे निदान

आपल्या नियतकालिकाच्या संपादकांनी “माजी विद्यार्थिनी म्हणून तुमच्या व्यवसायाविषयी काहीतरी लिहा” असे कळवले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. माझा व्यवसाय मेडिकल कोडिंगचा. आमच्या वडगावच्या गल्लीत आजही कोणी आईला विचारले, की “थोरली हैदराबादला काय करते?” तर ती सांगते, “काय की बाई, रात्री कॉम्प्युटरवर अमेरिकेच्या लोकांचे आजार लिहिते.” हे वर्णन अगदीच चुकीचे नाही. मात्र आम्ही आजार लिहीत नाही. डॉक्टरांनी लिहिलेले वाचतो आणि त्याला अक्षर-आकड्यांची खूण लावतो. या खुणेला कोड म्हणायचे. त्या कोडावर तिकडे रुग्णालयाचे बिल ठरते, विम्याचे पैसे सुटतात आणि देशात कोणत्या आजाराचे किती रुग्ण याची मोजदाद होते.

२०१३ साली मी या महाविद्यालयातून प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि पुढच्या वर्षी या धंद्यात पडले. त्या वेळी बेळगावात या कामाचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. गेल्या सुट्टीत आले तेव्हा कॉलेजच्या फाटकासमोरच्या खांबावर तीन जाहिराती पाहिल्या: मेडिकल कोडिंग शिका, इतक्या महिन्यांत नोकरी. तेव्हा वाटले, लिहावेच. नोकरीच्या वाटा सांगण्यासाठी मात्र हा लेख नाही. अकरा वर्षे दुसऱ्यांचे कागद वाचल्यावर माझे एक मत झाले आहे आणि गेल्या वर्षी घरात घडलेल्या प्रकाराने ते पक्के झाले आहे. आमच्या कामात चूक होते ती कोड लावणाऱ्याच्या टेबलावर कमी. तिचा उगम बहुतेक वेळा आधी, डॉक्टरांनी जे वाक्य लिहायला हवे होते आणि लिहिले नाही, तिथे असतो. आणि हे वाक्य नसल्याची किंमत बिलापुरती राहत नाही.

एकच आजार घेऊन सांगते. हायटस हर्निया.

‘हर्निया’ म्हटले की आपल्याकडे माणसे आवाज खाली करतात. जांघेतला किंवा बेंबीचा अंतर्गळ एवढाच आपल्याला माहीत. हा हर्निया बाहेरून दिसत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा स्नायूंचा पडदा असतो. अन्ननलिका छातीतून खाली जठराकडे जाते, तेव्हा तिला वाट देण्यासाठी या पडद्यात एक भोक असते. त्या भोकाला हायटस म्हणतात. वयोमानाने, लठ्ठपणाने, पोटावर सतत ताण पडल्याने हे भोक सैल झाले की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. बहुतेकांच्या बाबतीत तो नुसता वर-खाली घसरतो; याला सरकता हर्निया म्हणतात. अशांपैकी पुष्कळांना काहीच त्रास होत नाही, काहींना आंबट पाणी वर येते, छातीत जळजळते. थोड्या लोकांत मात्र जठराचा भाग अन्ननलिकेच्या बाजूने वर चढतो. हा प्रकार अवघड. कधी अर्धेअधिक जठर छातीत जाऊन बसते, पिळा पडतो, घास अडतो, रक्तपुरवठा तुटतो. डॉक्टर मंडळी याचे एक ते चार असे प्रकार पाडतात. चौथ्यात जठराबरोबर आतडे वगैरे दुसरा अवयवही वर गेलेला असतो.

आता कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. तिच्यात श्वासपटलाच्या हर्नियाला ‘के ४४’ हे घर दिलेले आहे. त्या घरात तीन खोल्या. अडथळा आहे पण ऊतक सडलेले नाही, तर के ४४.०. सडले असेल तर के ४४.१. दोन्ही नाही, तर के ४४.९. अडथळा आणि सडणे दोन्ही असेल तर सडण्याच्या खोलीत. आणि हर्निया जन्मजात असेल तर हे घरच नव्हे. त्याला ‘क्यू’ अक्षराच्या प्रकरणात जावे लागते, जन्मजात हायटस हर्निया क्यू ४०.१. अमेरिकेने या आवृत्तीचे आपले विस्तारित रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणले. तो दिवस मला चांगला आठवतो. आदल्या रात्रीपर्यंत याच हर्नियाला आम्ही ५५३.३ लिहीत होतो. महिनाभर आमच्या खोलीत नव्या-जुन्या आकड्यांच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटलेल्या होत्या आणि झोपेतही मुली आकडे बडबडत.

या तीन खोल्या पाहून कोणाला वाटेल, यात शिकायचे ते काय? पाठ केले की झाले. खांबावरच्या जाहिरातवाले हेच सांगतात. पाठांतर आठ दिवसांत होते. पुढे जे येते ते पाठ होत नाही.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असे काही त्यात ठेवत नाही. अमेरिकेतल्या एका वृद्ध बाईंचे कागद माझ्याकडे आले होते. त्यांना दोन दिवस उलट्या होत होत्या, घास उतरत नव्हता. छायाचित्रात जठराचा मोठा भाग छातीत होता. नाकातून नळी घातली, शस्त्रक्रिया झाली. वाचणाऱ्या कोणालाही कळेल की इथे अडथळा होता. पण डॉक्टरांच्या शेवटच्या सारांशात शब्द होते फक्त ‘मोठा हायटस हर्निया’. अडथळा, अडकलेला, न परतणारा, यांपैकी एकही शब्द नाही. मी के ४४.० लावू शकत होते का? नाही. मी डॉक्टर नाही. लक्षणांवरून निदान काढणे हे माझे काम नाही. मग के ४४.९ लावून मोकळे व्हावे? तेही खोटेच, कारण माझ्यासमोर दिसते आहे की काहीतरी सांगायचे राहिले आहे. अशा वेळी डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवायचा असतो. तो प्रश्नही कसा, तर उत्तर सुचवणारा नको. “अडथळा होता ना?” असे विचारायचे नाही. “उलट्या, नळी, छायाचित्रातले वर्णन या नोंदी आहेत, या हर्नियाचे स्वरूप आपल्या वैद्यकीय मतानुसार कृपया स्पष्ट करावे,” असे विचारायचे. कारण कोड बदलला की बिलाची रक्कम बदलू शकते, आणि पैशासाठी शब्द पढवणे हा तिकडे गुन्हा ठरू शकतो. त्या बाईंचे कागद दोन दिवस माझ्याकडे थांबले. मग डॉक्टरांनी एक ओळ जोडली: ‘बाजूने चढलेला, अडकलेला हर्निया, त्यामुळे अडथळा.’ त्या एका ओळीने के ४४.० झाला.

दुसरा नियम तर नवशिक्यांना फारच जाचतो. तपासून लगेच घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘बहुधा हायटस हर्निया’ किंवा ‘हायटस हर्नियाची शंका’ असे लिहिले, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हर्नियाचा कोड लावायचा नाही. छातीत जळजळ, घास अडणे, जे लक्षण असेल त्याचाच कोड लावायचा. शंकेला निदान करून टाकले तर त्या माणसाच्या नावावर कायमचा एक आजार चिकटतो. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या बाबतीत नियम वेगळा आहे, पण तो इथे सांगत बसत नाही.

रक्तक्षयाचे उदाहरण मात्र सांगितलेच पाहिजे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. डॉक्टरांनी नुसते ‘ॲनिमिया’ लिहिले तर कोड डी ६४.९, म्हणजे कोणता ते सांगितलेले नाही. ‘लोहाच्या कमतरतेचा’ असे लिहिले तर डी ५०.९. ‘दीर्घकाळ रक्त जात राहिल्याने झालेला लोह-कमतरतेचा’ असे लिहिले तर डी ५०.०. रक्त तेच, बाटलीतला नमुना तोच. फरक एवढाच, की तिसऱ्या डॉक्टरांनी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर लिहिले. आणि ‘रक्त जाते आहे’ असे एकदा कागदावर आले, की पुढचा वाचणारा ते कुठून जाते हे शोधू लागतो.

आता घरची गोष्ट.

मार्च २०२१ मध्ये आईला छातीत फार जळजळू लागले, जेवताना घास छातीशी अडल्यासारखा वाटू लागला. दादाने तिला गावातल्या एका रुग्णालयात नेले. नाव लिहीत नाही. त्याने काही साधणार नाही. दाखल करून घेताना परिचारिकेने कानडीत विचारले, “एदि उरितैतेनु?” आईला कानडी येते, पण रुग्णालयाच्या खाटेवर माणसाला आपलीच भाषा सुचते. ती म्हणाली, “जळजळतं, आन् घास हितं थांबतो बघा.” परिचारिकेने इंग्रजीत लिहिले: ‘चेस्ट पेन’. मराठीत सांगितलेले, कानडीत ऐकलेले आणि इंग्रजीत लिहिलेले! घास अडण्याचे नाव नाही. मग हृदयाचा आलेख निघाला, तो नीट आला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून तपासणी झाली. दोन दिवसांनी घरी सोडताना जो कागद दिला, त्यावर निदानाच्या रकान्यात तीन अक्षरे होती: ए. पी. डी. याचा अर्थ आम्लामुळे होणारा पोटाचा विकार. आपल्या भागात शंभरातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर ही अक्षरे असतात. जळजळ, गॅस, व्रण, सगळे त्यात मावते.

मी हैदराबादला होते. दादाने फोनवर सांगितले, “काही नाही, ॲसिडिटी आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिलीय.” मी “बरं” म्हटले आणि रात्रपाळीला बसले. त्या रात्री मी किती अनोळखी माणसांच्या दुर्बीण तपासण्यांचे अहवाल ओळ न ओळ वाचले असतील! आईचा अहवाल फोटो काढून पाठव, एवढेही दादाला म्हटले नाही.

पुढची तीन वर्षे आई दमत गेली. तिला जिना चढवेना, चेहरा पांढरा पडू लागला. वय झाले, असे सगळे म्हणाले. मध्येच कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की बरे वाटे, सोडल्या की पुन्हा तेच. जुलै २०२४ मध्ये ती देवघरासमोर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ६.८. दोन बाटल्या रक्त चढवले. या वेळी मी आले होते. हृदय पाहिले, मूत्रपिंड पाहिले, कुठे काही नाही. नव्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “मावशी, पूर्वी कधी दुर्बिणीची तपासणी झाली होती काय?” आईने उशाखालची कापडी पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, अप्पांच्या पेन्शनचे कागद आणि तळाशी चार घड्या घातलेला २०२१ चा अहवाल होता. मी उघडला. तिसऱ्या ओळीत लिहिले होते: ‘लार्ज एच. एच.’

एच. एच., हायटस हर्निया, मोठा. तीन वर्षे तो आईच्या उशाखाली होता.

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. हर्निया मोठा असला की जठराचा वर चढलेला भाग प्रत्येक श्वासागणिक श्वासपटलाच्या कडेवर घासला जातो आणि तिथे आतल्या अस्तरावर लांबट खरचटे पडतात. कॅमेरॉन आणि हिगिन्स या दोघांनी १९८६ साली त्यांचे वर्णन केले. त्यांतून थेंब थेंब रक्त जात राहते, डोळ्यांना दिसत नाही, आणि शरीरातला लोहाचा साठा संपतो. आईचे नेमके तेच झाले होते. २०२१ च्या कागदावर ए. पी. डी. ऐवजी ‘मोठा हायटस हर्निया’ असे असते, तर ज्याने लोहाच्या गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांनी कदाचित ‘का’ विचारले असते. विचारलेच असते असे मी म्हणत नाही. पण विचारायला कागदावर काहीतरी असते.

सप्टेंबरमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. जठर खाली ओढून घेतले, भोक टाके घालून लहान केले, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. आई आता बरी आहे. हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते, कारण ओळखीचे लोक हा अंक वाचतील आणि घाबरतील.

नंतर विम्याचे उपटले. दादाने जून २०२२ मध्ये आईचा आरोग्य विमा काढला होता. बहुतेक पॉलिसींत हर्नियाला पहिले २४ महिने पैसे मिळत नाहीत. ती मुदत उलटून गेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कंपनीचे पत्र आले: २०२१ च्या अहवालात हायटस हर्निया नमूद आहे, म्हणजे आजार पॉलिसीपूर्वीचा, आणि तो अर्जात लपवला आहे. लपवला! अर्जात पूर्वीच्या आजारांपुढे दादाने प्रामाणिकपणे ‘ॲसिडिटी’ लिहिले होते, कारण घरी सोडतानाच्या कागदावरून त्याला तेवढेच सांगितले गेले होते. गंमत पाहा, जो ‘एच. एच.’ आम्हाला कळला नाही, ज्याचा तीन वर्षे एकाही डॉक्टरला उपयोग झाला नाही, तो विमा कंपनीच्या माणसाला पहिल्या वाचनात बरोबर कळला. तो माझ्याच धंद्यातला असणार.

निदान काय सांगितले होते याचा पुरावा मिळावा म्हणून आम्ही जुन्या रुग्णालयात २०२१ चे केसपेपर मागायला गेलो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. खिडकीतल्या माणसाने तारीख पाहिली आणि सांगितले, “साडेतीन वर्षं झाली की. काढून टाकले.” नियमाने तो बरोबर होता. ७२ तासांचा हा हक्क आम्हाला २०२१ मध्ये माहीत असता तर! आमचा तक्रार-अर्ज बंगळूरला विमा लोकपालांकडे आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

माझ्या एका मैत्रिणीला, तीही आपल्याच महाविद्यालयाची आणि याच अंकाच्या कानडी विभागात पूर्वी कविता लिहिणारी, मी हे सांगितले तेव्हा तिने एक आक्षेप घेतला. तिचे म्हणणे, कोड वगैरे हा अमेरिकेच्या विमा-धंद्याचा खेळ आहे. आपल्या डॉक्टरांपुढे सकाळी शंभर रुग्ण उभे असतात, त्यांनी निबंध लिहीत बसावे काय? या आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. त्या गर्दीत मीही उभी राहिले आहे. एकेका रुग्णाला डॉक्टरांच्या वाट्याची काही मिनिटेच मिळतात आणि रुग्णालाही गोळी हवी असते, वाक्य नको असते. पण मी निबंध मागत नाही. ‘मोठा हायटस हर्निया, अडथळा नाही, घास अडतो, रक्त तपासत राहावे’ हे लिहायला किती वेळ लागतो? ए. पी. डी. लिहिण्यापेक्षा वीस सेकंद जास्त.

आक्षेपाचा पहिला भाग मात्र खरा नाही. आजारांच्या या वर्गीकरणाचा जन्म बिलासाठी झाला नाही. मृत्यूची कारणे देशोदेशी एकाच पद्धतीने मोजता यावीत म्हणून फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ साली यादी मांडली. तिचा विस्तार होत होत १९४८ साली सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूंबरोबर आजारही आले. बिलाची जोड अमेरिकेत नंतर लागली. आपल्याकडे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो दाखला देतात, त्यावरची आकडेवारीही याच वर्गीकरणाने होते. तिथेही नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिलेले दाखले असतात. हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही? ती कशाने पडली, हे विचारण्यासाठीच तर तो कागद आहे.

कोडाविषयीही माझे आंधळे प्रेम नाही. के ४४.९ या खोलीत दोन सेंटिमीटरचा निरुपद्रवी सरकता हर्निया आणि अर्धे जठर छातीत गेलेला माझ्या आईचा हर्निया शेजारी शेजारी बसतात, कारण दोघांत अडथळा नाही आणि सडलेले काही नाही. प्रकार पहिला की तिसरा, हे तो कोड सांगत नाही. शस्त्रक्रियेचे कोड निराळे असतात. तिथे अमेरिकेत बाजूने चढलेल्या हर्नियाची दुरुस्ती जाळी घालून केली की न घालता, याचेही वेगळे आकडे आहेत, आणि ते लावायला पुन्हा शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदच लागते. कोड हा ओबडधोबड आहे म्हणून तर कागदावरचे वाक्य जास्त महत्त्वाचे. आता यंत्रेही कोड सुचवू लागली आहेत. आमच्या कचेरीत हल्ली यंत्राने लावलेले कोड आम्ही तपासतो. तीही लिहिलेलेच वाचतात. २०२१ पासून सरकारने चौदा आकड्यांचे आरोग्य-खाते आणले आहे. चांगली सोय आहे, कापडी पिशवीपेक्षा बरी. पण आईच्या खात्यात २०२१ चा तो घरी सोडतानाचा कागद चढवला असता, तर तिथेही ए. पी. डी. च दिसले असते.

आपल्या गावात पाटी कोणत्या भाषेत असावी यावर आपण आयुष्यभर भांडत आलो. त्या भांडणाला कारणे आहेत, मी त्यांना क्षुल्लक म्हणत नाही. परंतु रुग्णालयातून घरी येणाऱ्या कागदाच्या भाषेबद्दल मराठीवाल्यांनी कधी मोर्चा काढला नाही आणि कानडीवाल्यांनीही नाही. तो इंग्रजीत असतो असेही म्हणवत नाही. तो कोणत्याच भाषेत नसतो. माझ्या कानडी मैत्रिणीच्या वडिलांच्या कागदावरही तीच तीन अक्षरे आहेत. शेवटच्या ओळीत निदानाचे पूर्ण नाव, न तोडता, आणि खाली रुग्णाच्या भाषेत दोन वाक्ये, एवढी मागणी दोन्ही विभागांच्या वाचकांनी मिळून करण्यासारखी आहे. गावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथली मुले आपल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळतात, गणपतीत नाचतात. त्यांच्याशी बोलता येईल.

आणि जे विद्यार्थी खांबावरची जाहिरात पाहून या धंद्यात येऊ पाहतात, त्यांना एवढेच सांगते, की आकडे कुठेही मिळतील. आधी डॉक्टरांचे एक पान घ्यावे, आपल्या घरातलेच घ्यावे, आणि त्यात काय लिहिले आहे व काय लिहिलेले नाही हे तासभर बसून वाचावे. प्राणिशास्त्राच्या तासाला बेडकाचे पोट उघडून बाईंनी आम्हाला हेच करायला लावले होते: जे दिसते तेच काढा, पुस्तकातले चित्र काढू नका. त्या वेळी मला त्याचा कंटाळा यायचा.

गेल्या महिन्यात आईला तपासणीसाठी नेले होते. मोठे डॉक्टर यायचे होते, म्हणून शिकाऊ डॉक्टर मुलगा आधी माहिती लिहून घेत होता. गोरा, चष्म्याचा, धारवाडकडचा असावा. मराठी अडखळत बोलत होता. लिहून झाल्यावर आई म्हणाली, “बाळ, काय लिहिलंस ते वाचून दाखव की.” तो जरा गोंधळला, माझ्याकडे पाहिले, मग वाचले: “हर्नियाचे ऑपरेशन झालेले आहे.”

“कुठल्या हर्नियाचं?” आई म्हणाली. “ते पण लिही.”

त्याने पेनचे टोपण पुन्हा काढले.